जेंटामायसिनचं इंजेक्शन: भ्यायचं किती आणि जपायचं कशाला?

करवीर_काठ
जाणकारांना विचारतोय. आईला (वय ७१) थंडी वाजून ताप, कमरेत एका बाजूला कळ, लघवीला जळजळ. कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला. रिपोर्टवर गोळीच्या रूपात मिळणाऱ्या बहुतेक अँटिबायोटिक औषधांपुढे 'आर' (जंतू दाद देत नाही), आणि जेंटामायसिन, अमिकासिन यांच्यापुढे 'एस' (लागू पडतं). डॉक्टर म्हणाले, रोज एकदा शिरेतून जेंटामायसिन देऊ, अॅडमिट व्हायला नको, सकाळी येऊन घेऊन जायचं. मी हो म्हणून आलो.

घरी भाच्यानं मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं: कान जातात, किडनी जाते, अमेरिकेत तर या औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा छापतात. झालं. आता आई म्हणते सुई नको, काढा करून द्या.

तिला बीपीची गोळी आहे, पायावर सूज येते म्हणून लॅसिक्स आहे, आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ती आपल्या मनानं घेते. डॉक्टरांवर अविश्वास नाही. पण उद्या सकाळी जाताना नेमकं काय विचारू?

निसर्गमित्र_७७
काढाच द्या. १९६३ साली सापडलेलं औषध अजून माणसांना टोचतात म्हणजे कमाल आहे. असली विषं कधीच बंद व्हायला हवी होती.

शाहूपुरीतला_फार्मासिस्ट
भाचा खोटं वाचत नाहीये. इशारा खरा आहे, किडनीचाही आणि कानाचाही. पण ७१ वर्षांच्या बाईला थंडी वाजून ताप आणि कमरेत कळ, म्हणजे इन्फेक्शन मूत्राशयात न थांबता किडनीपर्यंत चढलंय. ते काढ्यावर ठेवलं तर रक्तात पसरायला वेळ लागत नाही. तिथं जो धोका आहे त्याच्यापुढे या सुईचा धोका लहान आहे, आणि मुख्य म्हणजे तो बऱ्यापैकी हाताळता येतो.

निसर्गमित्र, हे औषध मातीत राहणाऱ्या मायक्रोमोनोस्पोरा नावाच्या जीवाणूनं बनवलेलं आहे. याहून निसर्गोपचार तो काय असणार? आणि जुनं आहे म्हणूनच आज कामाला येतंय. मधली वीसेक वर्षं सगळे गोळ्यांवर आणि सेफॅलोस्पोरिन गटातल्या महागड्या अँटिबायोटिकवर गेले, ती औषधं पोटभर वापरली, आता लघवीतले जंतू त्यांना दाद देत नाहीत. जेंटा मागे पडलं होतं म्हणून अनेक ठिकाणी अजून चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि तिथंही 'अॅक्सेस' गटात, म्हणजे आधी हाताशी घ्यावं अशा औषधांत.

करवीर, गोळीऐवजी सुई का, तर हे औषध पोटातून रक्तात जवळजवळ जातच नाही. रक्तात गेलं की मात्र तसंच्या तसं, न बदलता, किडनीतून लघवीत उतरतं. लघवीच्या इन्फेक्शनला म्हणूनच ते चांगलं, आणि म्हणूनच किडनी मंद असेल तर ते अंगात साठतं. गुण आणि दोष दोन्ही एकाच वाटेनं येतात.

उद्या पिशवीत आईची सगळी औषधं घालून न्या. डायक्लोफेनॅकचं पाकीट विशेषकरून. ते आणि जेंटा एकत्र म्हणजे किडनीवर दोन्हीकडून भार. लॅसिक्सचं तर डॉक्टरांना सांगायलाच हवं, त्यानं कानाचा धोका वाढतो. पण लॅसिक्स आपल्या मनानं बंद करू नका, ते कशासाठी चालू आहे हे त्यांना बघू दे.

मिरजकर_तिकटी
वाचतेय. आमच्या शेजारच्या काकांना तरुणपणी टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया दिल्या होत्या, तेव्हापासून ऐकू कमी येतं असं ते सांगतात. हे त्याच जातीतलं का?

शाहूपुरीतला_फार्मासिस्ट
हो ताई, तेच घराणं. स्ट्रेप्टोमायसिन थोरलं, १९४३ मध्ये वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झनी शोधलं. नोबेल १९५२ ला एकट्या वॅक्समनना मिळालं, तो वाद वेगळा. मग निओमायसिन, कॅनामायसिन, जेंटामायसिन, टोब्रामायसिन, आणि कॅनामायसिनपासून बनवलेलं अमिकासिन. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत कॅनामायसिन महिनोन्महिने टोचत, त्यात कितीतरी लोकांचे कान गेले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कॅनामायसिन त्या उपचारातून काढायला सांगितलं, आता बहुतेकांना गोळ्यांवरच ठेवतात. करवीरच्या आईचं काम काही दिवसांचं आहे, महिन्यांचं नाही. ही दोन चित्रं एकमेकांत मिसळू नका.

कानाचा_डॉक्टर
फार्मासिस्टनी बरंच सांगितलंय. मी कानाचं सांगतो, कारण हा भाग नेहमी अर्धवट सांगितला जातो.

लोकांना वाटतं 'कानावर परिणाम' म्हणजे बहिरेपण. जेंटामायसिनचा पहिला राग ऐकण्यावर नसतो, तोलावर असतो. आतल्या कानात ऐकण्याचा शंख आहे आणि त्याला लागून तोल सांभाळणारी यंत्रणा. दोन्हीकडे केसासारख्या बारीक पेशी असतात. अमिकासिन, कॅनामायसिन, निओमायसिन जास्त करून शंखातल्या पेशी मारतात. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन तोलाकडच्या. या पेशी माणसात एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. किडनीच्या नलिकांमधल्या पेशी मात्र नव्यानं तयार होतात, म्हणून औषध वेळेत थांबवलं तर किडनी बहुतेक वेळा सावरते. किडनीचा त्रास जास्त वेळा होतो आणि जास्त वेळा भरून निघतो. कानाचा कमी वेळा होतो आणि राहतो.

आता खरी मेख. दोन्ही कानांचा तोल सारखाच गेला तर गरगरत नाही. गरगरतं तेव्हा, जेव्हा एका बाजूचं बिघडतं आणि दुसऱ्या बाजूचं चांगलं असतं. इथं रुग्ण काय सांगतो? 'चालताना दुकानांच्या पाट्या हलतात.' 'अंधारात पाय टाकायला भीती वाटते.' 'डोळे मिटून तोंड धुताना बेसिन धरावं लागतं.' ऐकायला येतंय ना, मग वयामुळे असेल, अशक्तपणा असेल, असं म्हणून सोडून देतात. रुग्ण अंथरुणात पडून असेल तर तक्रारच नसते, उठून चालायला लागल्यावर कळतं. कधी कधी औषध थांबवल्यावर काही आठवड्यांनी सुरू होतं.

म्हणून आईला रोज विचारा: कानात शिट्टी, गुणगुण वाजतंय का? चालताना झोक जातो का? नजर स्थिर राहते का? असं काही असेल तर पुढची सुई घेण्याआधी डॉक्टरांना सांगा, नंतर नव्हे.

आणि एक प्रश्न उद्या त्यांनी विचारला नाही तर तुम्ही आपणहून सांगा. आईच्या माहेरच्या बाजूला, म्हणजे तिची आई, मावशी, मामा, भावंडं यांच्यात कुणाला अशी सुई घेतल्यावर ऐकू येणं गेलंय का? मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या) जनुकांत १५५५ या जागी काहींना एक बदल असतो, तो आईकडूनच येतो. तो असेल तर नेहमीच्या मात्रेतही, क्वचित एका डोसनंतरही, बहिरेपण येऊ शकतं. युरोपात साधारण ५०० माणसांत एकाला तो असतो. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२१ मध्ये यावर सूचना काढली, आणि मँचेस्टरला तान्ह्या बाळांसाठी अर्ध्या तासाच्या आत निकाल देणारी तपासणी करून बघितली गेली. आपल्याकडे ती सहज मिळत नाही, पण घरचा इतिहास विचारायला पैसे पडत नाहीत.

फुलेवाडीचा_पोरगा
डॉक्टर, तुम्ही वर लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला. 'पाट्या हलतात' हे अगदी याच शब्दांत आमचे बाबा म्हणायचे. पायाला जखम चिघळली म्हणून एका दवाखान्यात (नाव नको) बरेच दिवस ही सुई चालू होती, मधे रक्त तपासलेलं नव्हतं. घरी आल्यावर रंकाळ्यावर फिरायला जायचे तर समोरून येणारा माणूस ओळखू यायचा नाही, थांबलं की चेहरा दिसायचा. चष्म्याचा नंबर बदलला, मानेचा एक्सरे झाला, शुगर झाली. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ओळखलं. व्यायाम दिलेत, नजर एका ठिकाणी ठेवून मान हलवायची वगैरे. आता दिवसा बरं चालतात. रात्री गल्लीतले दिवे गेले की माझा हात लागतो.

कानाचा_डॉक्टर
ते व्यायाम सोडू देऊ नका. पेशी येत नाहीत, पण मेंदू डोळ्यांच्या आणि पायांच्या खबरीवर तोल धरायला शिकतो. घरात रात्री एक दिवा चालू ठेवा, पोहायला एकटं पाठवू नका. पाण्याखाली डोळे मिटले तर वर कुठं आणि खाली कुठं हे त्यांना कळणार नाही.

निवृत्त_सिस्टर
मी वॉर्डात उभी हयात घालवली, त्यातली बरीच नवजात शिशू विभागात. जेंटा आम्ही पाण्यासारखं वापरलं, आणि पाण्यासारखं वापरलं म्हणून घाबरूनही वापरलं. वजन केल्याशिवाय डोस भरायचा नाही, हा आमच्या मेट्रनचा नियम होता. मोठ्या माणसांत मात्र '८० मिलिग्रॅमची एक बाटली सकाळ-संध्याकाळ' हे इतकं अंगवळणी पडलेलं की ४० किलोच्या आजीला तेवढंच आणि ९० किलोच्या पैलवानालाही तेवढंच. एकाला कमी, एकाला जास्त.

करवीरदादा, उद्या आईचं वजन तिथंच काट्यावर करून घ्या. अंदाजे सांगू नका. पाणी नीट प्यायला द्या, अंग कोरडं पडलं की किडनीला लागतं. लघवी किती होते यावर लक्ष असू द्या, पण लघवी भरपूर होते म्हणजे किडनी ठीक असं धरून चालू नका. या औषधानं बिघाड होतो तेव्हाही लघवी होतच राहते, रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

पेनिसिलिन गटातलं दुसरं औषधही देणार असतील तर दोन्ही एका सलाईनमध्ये मिसळू नये, एकमेकांना निकामी करतात. हे तिथल्या सिस्टरना माहीत असतंच, मी आपलं सवयीनं लिहिलं.

कानाचा_डॉक्टर
सिस्टर, वजनाचं अगदी बरोबर. जोडीला क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनीनं बाहेर टाकायचा कचरा. त्यातही एक फसगत आहे. वयस्कर, बारीक बाईच्या अंगात स्नायू कमी, त्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं. रिपोर्टवर आकडा 'नॉर्मल'च्या कंसात बसतो आणि किडनी मात्र निम्म्यावर आलेली असू शकते. म्हणून नुसता आकडा न बघता वय आणि वजन धरून हिशेब करावा लागतो. हे डॉक्टर करतीलच, तुम्ही 'हिशेबात किडनी किती टक्के निघाली?' एवढं विचारा.

रोज एकदाच का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो, कारण पुष्कळांना 'एकदम इतकं?' अशी भीती वाटते. पूर्वी दिवसातून तीनदा थोडं थोडं द्यायचे. या औषधाचं असं आहे की रक्तातली पातळी जितकी उंच जाते तितके जंतू जोरात मरतात, आणि पातळी उतरल्यावरही काही तास ते डोकं वर काढत नाहीत. उलट किडनी आणि कान हे औषध हळूहळू शोषून साठवतात, त्यांना सतत थोडं थोडं मिळणं जास्त बाधतं. म्हणून एकदा भरपूर, मग पुढच्या सुईपर्यंत पातळी जवळजवळ तळाला. मोठ्या माणसात साधारण किलोमागे ५ ते ७ मिलिग्रॅम, किडनी मंद असेल तर दोन सुयांमधलं अंतर वाढवायचं. हा आकडा माहितीसाठी आहे, घरी गणित मांडून डॉक्टरांशी घासाघीस करायला नाही.

निसर्गमित्र_७७
म्हणजे विष आहे हे तुम्हीच कबूल करताय.

शाहूपुरीतला_फार्मासिस्ट
मात्रा चुकली की मीठही विष आहे साहेब. पुढं चला.

गडहिंग्लज_एक्सप्रेस
निसर्गमित्र, गडचिरोलीचं माहीत आहे का? डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचा घरी जाऊन सांभाळ सुरू केला. बाळ दूध ओढेना, मलूल पडलं, अंग गार लागलं, अशी जंतुदोषाची लक्षणं ओळखायची आणि आईबापांनी दवाखान्यात न्यायला नकार दिला तर जेंटामायसिनची सुई आणि तोंडानं को-ट्रायमोक्सॅझोल. जेमतेम शाळा शिकलेल्या बायका हे करू शकतील यावर भल्याभल्यांचा विश्वास नव्हता. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. ते यश नुसत्या सुईचं नाही, ऊब देणं, स्तनपान, श्वास कोंडलेल्या बाळाला सावरणं हे सगळं त्यात होतं. पण सुई त्यात होती. पुढे २०१४ मध्ये केंद्र सरकारनं एएनएमना (गावपातळीवरच्या सरकारी परिचारिकांना) ठरावीक परिस्थितीत तान्ह्या बाळाला जेंटामायसिन द्यायची परवानगी दिली.

मला यात आवडतं ते हे की तिथं मात्रा, दिवस, वजन सगळं आखून दिलेलं होतं. आमच्या भागात उलटं बघतो. ताप आला की एका सिरिंजमध्ये जेंटा, डेक्सा (स्टेरॉइड) आणि डायक्लो, घे दंडावर. दुसऱ्या दिवशी माणूस शेतावर. सगळे म्हणतात काय हात आहे डॉक्टरचा!

कानाचा_डॉक्टर
त्या मिश्रणात ताप डायक्लोनं उतरतो, तरतरी डेक्सानं येते. जेंटा तिथं नुसतं बसून असतं. फ्लू, डेंग्यूसारख्या विषाणूंवर त्याचा शून्य उपयोग. टायफॉइडवरही नाही, प्रयोगशाळेत जंतू मरताना दिसतात, पण माणसात ते पेशींच्या आत दडलेले असतात आणि हे औषध तिथं नीट पोचत नाही. एका सुईनं जंतू तर हटत नाहीत, औषधाला सरावतात मात्र. शेड्यूल एचमधलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळूच नये.

इचलकरंजीकर
माग चालवणाऱ्यांसाठी काही वेगळं आहे का? आमच्याकडं निम्म्या लोकांना आधीच कमी ऐकू येतं.

कानाचा_डॉक्टर
चांगला प्रश्न. मोठा आवाज आणि हे औषध एकत्र आलं तर नुकसान बेरजेपेक्षा जास्त होतं, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. सुई चालू असताना आणि नंतरही काही आठवडे मागावर जाणं टाळता आलं तर उत्तम, नाहीच जमलं तर कानात आवाज अडवणारे बोळे (इअरप्लग). सुरुवातीला ऐकण्याची तपासणी करून ठेवली तर नंतर तुलना करता येते. उंच पट्टीचे आवाज आधी जातात, बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही.

करवीर_काठ
जाऊन आलो. पिशवी टेबलावर रिकामी केली तर डॉक्टरांनी डायक्लोचं पाकीट उचलून आईकडे असं बघितलं की तिनंच 'बंद केली' म्हणून टाकलं. वजन केलं. क्रिएटिनिन १.१ आहे, पण हिशेबानं किडनी मंद निघाली, म्हणून सुयांमधलं अंतर वाढवलंय आणि मधे परत रक्त तपासणार. लॅसिक्सबद्दल हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. म्हणाले, जितके कमी दिवस जमतील तितके देऊ, गोळीवर आणता येतंय का तेही बघतोय. माहेरचं विचारलं तर आईनं मामेभावाच्या सासूपर्यंतची आजारपणं सांगितली, पण बहिरं कुणी नाही.

ताप उतरलाय. सगळ्यांचे आभार.

मिरजकर_तिकटी
छान झालं. जाता जाता, डोळ्यांच्या थेंबांतही जेंटामायसिन असतं ना? त्याचीही भीती?

शाहूपुरीतला_फार्मासिस्ट
डोळ्यात घालायच्या थेंबांत ते फार थोडं असतं, रक्तात जाण्याइतकं नाही. मात्र तेच थेंब घरी कानात घालणारे लोक आहेत. कानाचा पडदा फाटलेला असेल तर ते थेट आत उतरू शकतं. कान वाहत असताना विचारल्याशिवाय काही घालू नका.

कानाचा_डॉक्टर
गंमत म्हणून सांगतो, आम्ही कधी कधी मुद्दाम आत सोडतो. मेनिएर नावाच्या आजारात एका कानामुळे भयंकर चक्कर येते. बाकी उपाय थकले की पडद्यातून सुईनं जेंटामायसिन सोडून त्या कानाची तोलाची यंत्रणाच शांत करतात. ऐकणं थोडं जाण्याची जोखीम असते, ती समजावून सांगूनच.

म्हसरंवाला
राम राम मंडळी. माणसांचं झालं, आता माझं ऐका. म्हशीला दगडी (कासंची सूज) झालीया, एका सडातनं गाठी येत्यात. दुकानातनं जेंटाची बाटली आणून भाऊ टोचतो म्हणतोय. गंगावेशीत कट्ट्यावर धार काढून दूध पाजत्यात, तसली म्हस न्हाई माझी, संघाला आन् रतीबाला जातंय दूध. उकळल्यावर औषध मरतंय का? दही तर झ्याक लागतंय, म्हंजे औषध नसंल न्हवं?

गुरांचा_डॉक्टर_करवीर
भाऊला थांबवा. कासेत कोणता जंतू आहे ते दूध तपासून कळतं, जेंटा त्याच्यावर चालेलच असं नाही. सुई टोचली तर ती कासेत पुरेशी उतरतही नाही.

उकळून हे औषध मरत नाही, उष्णतेला ते चांगलं टिकतं. आणि दह्याची खूण इथं चालत नाही. पेनिसिलिन असलं की विरजण बिघडतं, पण विरजणाचे जंतू जेंटासारख्या औषधाला बऱ्यापैकी पुरून उरतात. औषध असूनही दही लागेल. पिणाऱ्याच्या कानाला तेवढ्यानं काही होणार नाही, कारण पोटातून ते शोषलंच जात नाही. पण पोटातल्या जंतूंना रोज थोडी थोडी चव लागते, आणि वर करवीर_काठनी सांगितलेला 'आर'वाला रिपोर्ट असाच तयार होत जातो.

औषध दिलं की बाटलीवर किंवा ट्यूबवर दूध किती दिवस बाजूला ठेवायचं ते छापलेलं असतं, तेवढे दिवस चारही सडांचं दूध बाजूला. एकाच सडात औषध सोडलं म्हणून बाकी तीन सडांचं घालू नका. नुसती सुरुवात असेल, गाठी थोड्या आणि ताप नसेल, तर कास वरचेवर पूर्ण पिळून काढा. कोरफड, हळद, चुन्याचा लेप राष्ट्रीय डेअरी विकास मंडळही सांगतं, तो लावून बघायला हरकत नाही. कास तापली, म्हैस खाईना, तर वाट बघू नका, मला किंवा जवळच्या दवाखान्यात कळवा.

मिरजकर_तिकटी
कट्ट्यावरच्या कच्च्या दुधाचा विषय निघालाच आहे तर, त्यानं काही होत नाही ना?

कानाचा_डॉक्टर
चव नाकारत नाही. पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस येऊ शकतो. उतरून परत चढणारा ताप, सांधे धरतात, महिनोन्महिने निदान होत नाही. आणि त्यावरचा एक ठरलेला उपचार म्हणजे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आणि सोबत, ओळखा बघू, जेंटामायसिन.

म्हसरंवाला
आता ते बाजूला काढल्यालं दूध रेडकाला पाजू का? वतायला जीव हुईना.

गुरांचा_डॉक्टर_करवीर
नको. रेडकाच्या पोटातही तेच होणार. खड्ड्यात जिरवा, ओढ्याला सोडू नका.

म्हसरंवाला
बरं. भावाला बाटली परत करायला धाडलाय. रतीबाच्या गिऱ्हाइकांस्नी सांगतो आता, चार दीस दूध न्हाई, म्हशीला औषध चालू हाय. एकजण तरी म्हणणारच बगा, तेवढ्यासाठी बंद कशाला करतोस, पाणी घालून दे की.